सतरा रिकामी घरं

१२ जानेवारी

बाबा,

आधी वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, मग तो कागद बाजूला ठेवला. चार वर्षांनी पत्र लिहायचं आणि सुरुवात शाळेतल्या निबंधासारखी करायची, ते बरं दिसेना. शाळेत मी नववीपर्यंतच टिकलो, त्यामुळे मायना चुकला असेल तर समजून घ्या. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे.

आपल्यात जे झालं त्याबद्दल हे पत्र नाही. कामाबद्दल आहे.

मी आता ऑर्केस्ट्राच्या लायब्ररीत आहे. लायब्ररी म्हणजे वाचनालय नव्हे, वाजवणाऱ्यांचे कागद ठेवायची खोली. खिडकी नाही, तीन कपाटं आहेत, आणि एक प्रिंटर आहे जो दर सातवा कागद खातो. सहावा गेला की मी उठून उभा राहतो. तरी खातो.

एक मार्चला मैफल आहे. त्यात दीपगृहाचा सिनेमा घेतला आहे. म्हणजे पडद्यावर काही नाही, नुसतं त्याचं संगीत, चौदा मिनिटांचं, रंगमंचावर. कंडक्टरची कल्पना. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांना वाटतं, सिनेमातलं संगीत उचलायचं आणि रंगमंचावर ठेवायचं, झालं. तसं होत नाही हो. मूळ कागद स्टुडिओ बंद झाला तेव्हा रद्दीत गेले, तुम्हाला माहीत आहे. मग ते सगळं ऐकून उतरवायचं कुणी? मी. एकूण सव्वीस तुकडे आहेत. सगळ्यात मोठा दोन मिनिटं दहा सेकंदांचा, सगळ्यात छोटा सहा सेकंदांचा. आणि एकही तुकडा धड संपत नाही. व्हायोलिनं वर चढतात, चढतात, आणि कुणीतरी दार उघडतं. संगीत बंद! पुढे काय होतं, ते सिनेमावाल्यांना नकोच होतं. मास्तर म्हणतात, “ह्याला एक शेपूट लाव.” सव्वीस शेपट्या. मी काय सरडा आहे?

असो. मुद्दा असा, की तिसऱ्या रिळात दीपगृहवाला आणि त्याची बायको स्वयंपाकघरात भांडतात. एक मिनिट पाच सेकंद. त्या भांडणाखाली एकटा चेलो आहे. तो तुम्ही वाजवला होता. लहानपणी तो सिनेमा लागला की तुम्ही म्हणायचात, “आता गप्प बसा, आता मी आलो,” आणि मग फक्त भांडीच ऐकू यायची. ताई आणि मी हसायचो. आता हसू येत नाही. मी ती जागा शंभर वेळा तरी ऐकली असेल. “तू कधी माझं ऐकलंस?” आणि ताटली आपटते, आणि ताटलीखाली चेलोचे दोन सूर असतात, ते गेले. मधे मधे कुठे तीन सूर हाती लागतात, कुठे एक. सतरा घरं आहेत. मला अजून घरंच म्हणायची सवय आहे. नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांच्या मधल्या जागेला इथे सगळे ‘बार’ म्हणतात. मी एकदा “अकराव्या घरात” म्हणालो तर हॉर्नवाला म्हणाला, “कुणाच्या?”

सोबत कागद पाठवतो आहे. सतरा घरं आखलेली आहेत, जे ऐकू आलं तेवढं भरलं आहे. बाकी तुम्हाला आठवत असेल तर लिहून पाठवा. नसेल आठवत तर तसं कळवा. पाकिटावर पत्ता आणि तिकीट आहे.

एक तांत्रिक गोष्ट. वेग मोजला तर मिनिटाला साडेबासष्ट ठोके येतात. मी बासष्ट लिहिलं आहे. आणि सूर सी शार्पवर आहे, पण तुम्ही सगळेच किंचित खाली वाजवत होता. मास्तरांना तसं सांगितलं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये असं चालायचंच, म्हणाले.

ठिपक्या

(नोटेशनचे ठिपके सुबक काढतो म्हणून तुम्हीच हे नाव ठेवलं होतं. इथे कुणाला माहीत नाही.)


२८ जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र आलं नाही. ताईचा फोन आला.

ती म्हणाली, “पत्र दिलं त्यांना. सगळं वाचलं. मग मला म्हणाले, त्याला सांग.”

“काय सांग?”

“थांब, मी लिहून घेतलंय. ‘त्याला सांग, आम्ही खाली वाजवत नव्हतो. त्याची फिल्म पळतेय.’”

“बस?”

“आणि ‘गाढव’ म्हणाले. ते लिहून घेतलं नाही, लक्षात होतं.”

मी फोन ठेवला आणि हिशोब करायला बसलो. सिनेमाची फिल्म सेकंदाला चोवीस चित्रं पळते. टीव्हीसाठी उतरवताना ती पंचवीसने पळवतात. माझ्याकडे टीव्हीचीच प्रत आहे. पळाली की वेगही वाढतो आणि सूरही चढतो, जवळजवळ अर्धा सूर, पण पुरता नाही. म्हणून सगळे किंचित खाली वाटत होते. साठ ठोक्यांचे साडेबासष्ट झाले होते. साडेबासष्ट! असा वेग जगात कोण ठेवतो? तो आकडा मी स्वतः मोजला, स्वतः लिहिला, त्याच्याखाली रेघ मारली आणि पुढे गेलो. आणि वर तुम्हालाच बेसूर ठरवलं, तेही लेखी.

दुर्दैव असं, की ताईचा फोन यायच्या आदल्या दिवशी पहिली तालीम झाली होती. एकतीस जणांचे कागद मी सी शार्पमध्ये लिहिले होते. हॉर्नच्या कागदावर शार्पच्या पाच जाळीदार खुणा. हॉर्नवाल्याने कागद उचलून दिव्यासमोर धरला. “ह्यात सूर आहेत की काटेरी कुंपण?” सगळे हसले. व्हायोलिनवाले हसले नाहीत, कारण त्यांच्या खालच्या दोन्ही मोकळ्या तारा बाद झाल्या होत्या. शेवटी चेलोचा तो खालचा लांब सूर आला, दीपगृहाचा दिवा विझतो तिथला. चेलोवाल्या बाईंनी वाजवला आणि मान हलवली. “इथे काहीतरी चुकतंय. हा सूर दाबून वाजवायचा नाहीच. हा मोकळ्या तारेचा आहे.” मी म्हणालो, “फिल्ममध्ये असाच आहे.” असं ठासून म्हणालो, बाबा. आता आठवलं की कान गरम होतात.

तो सगळ्यात जाड, मोकळ्या तारेचा सी आहे. तुम्ही ती तार वाजवायचात तेव्हा डावा हात मांडीवर ठेवायचात. मला हे माहीत होतं. मी विसरलो नव्हतो, मी फक्त वहीतल्या आकड्यांवर जास्त विश्वास ठेवला.

आता सगळं पुन्हा. एकतीस पार्ट, अर्धा सूर खाली. कॉम्प्युटर एका क्षणात सूर खाली आणतो, पण पानं विस्कटतात. मग वाजवणाऱ्याला पान उलटायला जिथे हात मोकळा मिळायचा तिथे आता सोळा भराभर सूर येऊन बसतात. तुमचं वाक्य होतं, “वाचणाऱ्याला तिसरा हात नसतो.” म्हणून प्रत्येक पान हाताने पुन्हा लावतो आहे. मास्तर म्हणतात, “इतकं कशाला? उलटतील कसंही.” कसंही!

वेग सुधारल्यावर भांडण एक मिनिट आठ सेकंदांचं झालं आहे. साठ ठोके, सतरा घरं, बरोबर अडुसष्ट सेकंद. हिशोब इतका चोख बसला की मला रडू आलं, रागाने. घरं बरोबर आहेत आणि रिकामीच आहेत.

ताई सांगत होती, तुमची डावी करंगळी आता वाकत नाही, गरम पाण्यात हात धरून बसता. चेलो कपाटामागे आहे, वर चादर टाकलेली. मला हे माहीत नव्हतं. तुम्ही कळवलं नाहीत. अर्थात मीही विचारलं नव्हतं.

सुधारलेला कागद सोबत. ह्यावर भरा. जुन्यावर नको.

ठिपक्या


६ फेब्रुवारी

बाबा,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, की हे आपल्यात जे झालं त्याबद्दल नाही. ते खोटं होतं असं नाही. मला तसं व्हावं असं वाटत होतं.

काल मास्तर लायब्ररीत आले. त्या सतरा घरांचं काय म्हणून विचारलं. मी म्हणालो, वाट बघतो आहे. ते म्हणाले, “कुणाची? अरे, सोपं आहे. तू स्वतः काहीतरी रच, मशीनवर वाजवून ऐकव, पटलं तर बाईंना देऊ. खऱ्या चेलोचे सूर भरलेत आपल्या मशीनमध्ये.” आणि स्वतःच खुर्ची ओढून बसले. यादीत खाली खाली गेले. व्हायोलिन, व्हायोला, मग ‘जुना चेलो’. “हा बघ. ह्याच्यासारखा दुसरा नाही. सगळे हाच वापरतात.”

त्यांनी पट्टीवर एक बोट ठेवलं. खालचा ‘जी’ सूर. तुमचा.

त्यांनी अजून दोन-तीन सूर वाजवले. मग पुन्हा खालचा जी, जोरात. त्या जोराच्या जीच्या मागे खुर्ची कुरकुरते. आईची शिवणाची खुर्ची. तुम्ही त्या सुराला पुढे झुकायचात. मी तेव्हा सगळे सूर साफ केले होते, रस्त्यावरचे हॉर्न काढले, शेजारचा नळ काढला, तुमचा श्वासही काढला. ती कुरकुर मात्र राहून गेली, कारण ती सुरात मिसळली होती.

मास्तर म्हणाले, “ही खरखर आहे ना, तीच मजा आहे.”

आता हे मी कधी लिहिलं नाही आणि कधी बोललोही नाही, म्हणून नीट लिहितो.

रेकॉर्डिंग स्टुडिओत मला घेऊन तीन महिने झाले होते. रेकॉर्डिस्ट म्हणाला, मशीनमध्ये भरायला एक चांगला चेलो हवा आहे, एकेक सूर वेगळा, चार प्रकारे, हळू, मध्यम, जोरात आणि बोटाने छेडून. मी म्हणालो, माझ्या घरी आहे. त्याने विचारलं, वडील तयार होतील? मी म्हणालो, विचारतो. मी विचारलं नाही. मी तुम्हाला सांगितलं, की मला चेलो शिकायचा आहे, कान तयार करायचा आहे, म्हणून एकेक सूर वाजवून दाखवा, मी टेप करून ठेवतो. तुम्ही दोन रविवार वाजवलंत. दुसऱ्या रविवारी जेवायलाही उठला नाहीत. ताईला म्हणालात, “ह्याला शेवटी सुचलं बरं का.” शेजारच्या काकांनाही सांगितलंत. ते मला जिन्यात भेटले, “चेलो शिकतोस म्हणे?” म्हणाले आणि पाठीवर थाप मारली. मी त्यांना ‘हो’ म्हणालो.

आठ महिन्यांनी रेकॉर्डिंगची बोलावणी थांबली. तुमची, आणि मग तुमच्याबरोबरच्या बाकीच्या पाच जणांची. तुम्ही म्हणायचात, हंगाम मंद आहे. मला माहीत होतं काय मंद आहे. मी रोज त्याच मशीनवर तुमचे सूर जोडत बसायचो. मग वर्षभराने तुम्ही टीव्हीवर ती चेलोवाली साबणाची जाहिरात ऐकली आणि उठून आईच्या खुर्चीवर जाऊन बसलात. एकदा पुढे झुकलात. खुर्ची कुरकुरली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत.

तेव्हा मी जे बोललो ते मला पाठ आहे. “सगळेच करतात. तुमचा नसता घेतला तर दुसऱ्या कुणाचा घेतला असता.” तुम्ही म्हणालात, “मग घ्यायचा होता दुसऱ्याचा.” मी बॅग भरली. जणू राग मला यायला हवा होता.

आज मला वाटतं, मला राग खरंच आला होता. तुम्ही ओरडला नाहीत, ह्याचा. अजूनही येतो. दोन पत्रं लिहिली, दोन कागद पाठवले, आणि तुम्ही ताईकडून एक वाक्य पाठवता. तेही फिल्मच्या वेगाबद्दल.

हे खोडणार होतो. राहू देतो.

मास्तरांना मी सांगितलं, की त्या जागी मशीनचा चेलो वापरून काही रचणार नाही. का, म्हणाले. मी म्हणालो, तो चेलो माझ्या वडिलांचा आहे आणि त्यांना विचारलेलं नाही. त्यांनी पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, “त्यांना जिवंतपणी विचारता येईल असं आहे ना?” मी म्हणालो, हो. “मग विचार की!”

म्हणून विचारतो आहे. सहा वर्षं उशिरा. तुमचे सूर त्या मशीनमधून परत काढता येणार नाहीत, ते केव्हाच सगळीकडे गेले. ते मी विकले नव्हते, पण दिले होते, आणि देताना खोटं बोललो होतो. माझी चूक ही आहे. फिल्मच्या वेगाची चूक मी केलीच, पण ती त्यामानाने काहीच नाही.

ठिपक्या


१३ फेब्रुवारी

बाबा,

छोटंच लिहितो.

मास्तरांनी बुधवारपर्यंत मुदत दिली आहे. तोपर्यंत कागद आला नाही तर भांडणाची जागा गाळून चौथ्या रिळाला जोडायचं. जोडायचा कागद मी आजच तयार करून ठेवला आहे, मुदत चुकू नये म्हणून. अगदी व्यवस्थित जोडला जातो. ऐकणाऱ्याला कळणारही नाही, की मधे काही होतं. ह्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो आहे.

चेलोवाल्या बाईंच्या पार्टमध्ये मात्र मी सतरा घरं रिकामीच छापली आहेत. त्या म्हणाल्या, “हे काय, मला विश्रांती?” मी म्हणालो, नाही, विश्रांतीची खूण वेगळी असते, ही काढलेली नाही. त्या म्हणाल्या, “मग मी करायचं काय इथे?” मी म्हणालो, थांबा. “किती?” बुधवारपर्यंत. हॉर्नवाला मागून म्हणाला, “लांबलचक घर आहे बुवा.”

तालमीत त्या खरंच थांबतात. मास्तर सतरा घरं हवेत हात हलवत राहतात, आणि तीस माणसं गप्प बसून असतात.

ठिपक्या


२१ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं पाकीट बुधवारी दुपारी आलं. दुसरा कागद नव्हे, पहिलाच आला, सी शार्पमधला, चुकीचा. त्यावर डोक्याला एक आडवी काट मारून ‘सी’ लिहिलंत आणि खाली सतरा घरं भरलीत. पत्र नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, आतून बघितलं. पत्र नाही.

आधी चिडलो. एक ओळ लिहायला काय जात होतं? हो, नाही, चालता हो, काहीही. मग कागद कॉम्प्युटरवर चढवायला बसलो, कारण मुदत संध्याकाळची होती.

सूर चढवले. मग सुरांवरचे आकडे चढवायला लागलो, कुठला सूर कुठल्या बोटाने. एक, दोन, तीन. दोन, एक. तीन, तीन, एक. नवव्या घरापर्यंत आलो आणि लक्षात आलं, की चार कुठेच नाही. चार म्हणजे करंगळी. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. सतरा घरांत एकही चार नाही.

अकराव्या घरात तर कुणीही डोळे मिटून चार लिहिला असता. तिथे बोट नुसतं खाली टेकवायचं आहे. तुम्ही तिथे तिसऱ्या बोटाने खालून उडी मारली आहे. आणि ते एका झटक्यात सुचलेलं नाही. तिथला कागद खोडून खोडून पातळ झाला आहे. आधी दोन होता, मग तीन, मग वर सरकवलेला दोन, मग पुन्हा तीन. उजेडासमोर धरला तर चारही वेळचे आकडे दिसतात.

आठवणीतून लिहिणारा माणूस असं खोडत नाही. आठवणीत करंगळी वाकते. चादर काढल्याशिवाय, चेलो पुढ्यात घेऊन बसल्याशिवाय, हे असं लिहिताच येत नाही. म्हणजे तुम्ही बसलात. निदान चार वेळा तरी अकराव्या घरात जाऊन आलात.

मी लायब्ररीचं दार लावून घेतलं. प्रिंटरने बाईंचाच कागद खाल्ला. मी दुसरा घातला.

काल तालीम झाली. बाईंनी कागद बघितला. “ही बोटं कुणी लिहिलीत? इथे चार सोडून तीनने उडी? वेड लागलंय का कुणाला?”

मी म्हणालो, “तसंच वाजवा.”

“अहो, सूर घसरेल तिथे.”

“घसरू दे.”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी तालमीत कधी बोलत नाही. त्यांनी हात वर केला.

बाईंनी वाजवलं. अकराव्या घरात सूर खरंच घसरला, अगदी थोडासा. रडल्यासारखा नाही. भांडताना माणूस एक शब्द गिळतो आणि दुसरा बोलतो, तसा. सिनेमात तो तसा होता का, हे कुणालाच माहीत नाही. तिथे ताटली आपटते. नंतर कागद गोळा करताना हॉर्नवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, “ते घर कुणाचं होतं ते कळलं.”

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या रविवार आहे, हातातच घेऊन येतो. दारात उभा राहिलो की मला धड बोलता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. दार तुम्ही उघडलंत तर हेच पुढे करीन. ताईने उघडलं तर तिला देईन आणि जिन्यात थांबेन.

निमित्त आहे. अकराव्या घरातला तीन पुसट आहे. तो तीनच आहे की खोडायचा राहिलेला दोन, हे मला नक्की करून घ्यायचं आहे. एक वाजवून दाखवलंत तर कळेल.

पेन्सिल आणि खोडरबर आणतो. टेप करायला काही आणत नाही.

ठिपक्या